बिऱ्हाड पाठीवर, पत्ता कोठे?

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मराठीत बहुधा कणवेने किंवा थट्टेने वापरली जाते. ज्याला एका जागी ठरता येत नाही, ज्याच्या संसाराला चार भिंतींचा आधार नाही, अशा माणसाविषयी स्थिर समाजाला वाटणारा संशयही तिच्यात थोडासा मिसळलेला असतो. अमेरिकेत मात्र हजारो कुटुंबांनी हे बिऱ्हाड आपखुशीने पाठीवर घेतले आहे आणि इतर कित्येकांवर ते परिस्थितीने लादले आहे. मोटारीतच झोपायचे, मोटारीतच रांधायचे आणि ऋतू पालटेल तसा मुक्काम हलवायचा, असा हा संसार आहे. त्याला रस्त्यांची वाण नाही की इंधनाची नाही. त्याची गाडी अडते ती सरकारी अर्जावरील एका साध्या रकान्याशी. तो रकाना म्हणजे 'कायमचा पत्ता'.

घरात राहणाऱ्या माणसाला या रकान्याचे वजन कधी जाणवत नाही. वास्तविक पत्ता एकाच वेळी दोन वेगवेगळी कामे करीत असतो. टपाल कोठे टाकावे हे तो पोस्टमनला सांगतो आणि हा माणूस कोणत्या राज्याचा, कोणत्या मतदारसंघाचा, कोणत्या न्यायालयाच्या कक्षेतला, हे तो शासनाला सांगतो. पहिले काम दळणवळणाचे आहे, दुसरे नागरिकत्वाचे. घर जागचे हलत नाही तोवर ही दोन्ही कामे एकाच ओळीत उरकतात. घराला चाके लागली की ती परस्परांपासून अलग होतात आणि मग लक्षात येते, की आधुनिक राज्याने नागरिकाचे बहुतेक सारे हक्क नकळत एका उंबरठ्याला बांधून ठेवले आहेत. मतदान, वाहन-परवाना, बँकेतील खाते, आरोग्यविमा, मुलांची शाळा, न्यायालयाचे समन्स, या सर्वांची वाट त्याच उंबरठ्यावरून जाते.

यांपैकी टपालाचा प्रश्न तुलनेने सोपा. अमेरिकी टपालखात्यात 'जनरल डिलिव्हरी' नावाची जुनी सोय आहे. भारतीय टपालखात्यात तिलाच 'पोस्ट रेस्टांट' म्हणतात. ज्या गावी मुक्काम पडणार, तेथील टपालकचेरीच्या नावे पत्र पाठवावे आणि माणसाने ओळख पटवून ते घेऊन जावे. परंतु असे पत्र साधारणतः पंधरा दिवसच ठेवले जाते आणि पत्र पाठविणाऱ्याला पुढचा मुक्काम आधी ठाऊक असावा लागतो. म्हणून या फिरस्त्यांनी दुसरी वाट काढली. टपाल स्वीकारून पुढे पाठविणाऱ्या खाजगी संस्थांकडे वार्षिक वर्गणी भरायची, त्यांनी दिलेला पत्ता सर्वत्र नोंदवायचा आणि आठवड्यापंधरवड्याने साठलेला गठ्ठा हव्या त्या गावी मागवायचा. अलीकडे लिफाफ्याचे छायाचित्रच ग्राहकाला पाठविले जाते. उघडायचे, पाठवायचे की फाडून टाकायचे, हे तो दूरवरून कळवितो.

या सोयीलाही अटी आहेत. परक्याने आपले टपाल घ्यावे यासाठी टपालखात्याचा १५८३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. ओळखीची दोन कागदपत्रे दाखवून ती सही नोटरीसमोर किंवा त्या संस्थेच्या प्रतिनिधीसमोर करावी लागते. शिवाय ही संस्था सोडून ग्राहक दुसरीकडे गेला, तर घरमालकाला किंवा भाडेकरूला मिळते तशी पत्ताबदलाची सोय टपालखाते त्याला देत नाही. तेथवरचे टपाल पुढे धाडण्याची जबाबदारी त्या संस्थेवरच राहते. म्हणजे टपालखात्याच्या लेखी हा माणूस स्वतः कोठेच राहत नाही. राहतो तो त्याचा दलाल.

खरी गुंतागुंत सुरू होते ती अधिवासापाशी. इंग्रजी परंपरेतून आलेल्या कायद्याने निवास आणि अधिवास यांत भेद केला आहे. माणसाचे निवास अनेक असू शकतात, अधिवास एका वेळी एकच असतो. त्यासाठी प्रत्यक्ष उपस्थिती आणि तेथेच राहण्याचा इरादा, या दोन्ही गोष्टी लागतात. नवा अधिवास मिळेपर्यंत जुना सुटत नाही. १९२५च्या भारतीय वारसा कायद्यातही हेच तत्त्व आहे. फिरस्त्याच्या बाबतीत उपस्थिती सर्वत्र थोडी थोडी असते आणि इरादा कोठेच न थांबण्याचा असतो. तेव्हा ज्या राज्यातून तो निघाला, त्या राज्याचा आयकर विभाग 'तुम्ही अजून आमचेच' असे म्हणून दावा लावू शकतो. त्याला उत्तर द्यायचे तर नव्या राज्याचा वाहन-परवाना, गाडीची नोंदणी, मतदारयादीतील नाव, मृत्युपत्र, डॉक्टर, बँक असे पुरावे एकेक करून जमवावे लागतात. इरादा मनात असून भागत नाही. त्याची फाइल तयार करावी लागते.

या कारणाने अमेरिकेतील बहुसंख्य पूर्णवेळ फिरस्ते टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा या तीन राज्यांकडे वळतात. या तिन्ही राज्यांत व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा आयकर नाही आणि टपालसंस्थेच्या पत्त्यावर गाडीची नोंदणी वगैरे सोपस्कार पार पाडण्याची वहिवाट तेथे रुळलेली आहे. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन हे पोल्क परगण्याचे छोटेसे ठाणे. १९७८ साली स्थापन झालेल्या 'एस्केपीज' या फिरस्त्यांच्या संघटनेचे मुख्य ठाणे आणि तिची टपालसेवा याच गावी आहे. परिणाम असा झाला, की ज्यांनी त्या गावात वर्षातून चार दिवसही काढले नसतील, अशा सहस्रावधी लोकांचे नाव तेथील मतदारयादीत आले.

त्यावरून जे व्हायचे ते झालेच. २००० सालच्या निवडणुकीच्या तोंडावर काही स्थानिक नागरिकांनी सुमारे नऊ हजार मतदारांच्या नोंदणीला हरकत घेतली. हे लोक येथे राहत नाहीत, मग येथील शेरीफ कोण असावा आणि शाळेसाठी कर किती बसावा हे त्यांनी का ठरवावे, असा त्यांचा सवाल होता. प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेले. १९६५च्या मतदान-हक्क कायद्यानुसार आवश्यक असलेली पूर्वसंमती न घेता मतदारनोंदणीच्या पद्धतीत असा बदल करता येणार नाही, या मुद्द्यावर न्यायालयाने ती छाटणी रोखली. फिरस्ते वाचले, परंतु तत्त्वाचा निकाल लागला नाही. पुढे २०१३ साली शेल्बी परगण्याच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पूर्वसंमतीची चौकटच निकामी केली. ज्या भिंतीच्या आडोशाला हे नऊ हजार मतदार उभे होते, ती आज उरलेली नाही.

साउथ डकोटात हाच वाद वेगळ्या वाटेने गेला. तेथे एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि एक प्रतिज्ञापत्र एवढ्यावर वाहन-परवाना मिळण्याची सोय बराच काळ होती. राज्याला त्यातून नोंदणीशुल्क मिळे, फिरस्त्यांना पत्ता मिळे. परंतु या कागदी रहिवाशांची मते वाढू लागली, तशी कुरकूर सुरू झाली आणि २०२३ साली तेथील विधिमंडळाने मतदारनोंदणीसाठी राज्यात तीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. तीस दिवसांच्या आकड्याला इतिहास आहे. टेनेसी राज्याची एक वर्ष निवासाची अट १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा मतदारयादी नीट करण्यास तीस दिवस पुरेसे आहेत, असे मत त्याने दिले होते. म्हणजे मतदारांच्या रक्षणासाठी घातलेली मर्यादाच येथे फिरस्त्यांना आडवी आली. शुल्क घेताना रहिवासी आणि मत देताना परका, ही तडजोड कोणत्याही राज्याला शोभणारी नाही.

तथापि स्थानिकांच्या हरकतीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. लोकशाहीत मत हे परिणामांशी जोडलेले असते. ज्या रस्त्यावरून जायचे नाही, ज्या शाळेत मूल घालायचे नाही, त्यांच्या खर्चाचा निर्णय दुसऱ्यावर लादणे अन्यायाचे आहे. शिवाय या फिरस्त्यांतील सुखवस्तू वर्गाचा एक हेतू करबचतीचा असतो, हेही उघड आहे. लाखो डॉलरांची गाडी घेऊन निवृत्तीचा काळ समुद्रकाठी आणि डोंगरात घालविणाऱ्या जोडप्याला करमुक्त पत्ता निवडता येतो. ज्या राज्याच्या शाळा, रस्ते, रुग्णालये यांवर त्याचे आयुष्य उभे राहिले, त्या राज्याला मात्र निवृत्तीनंतर त्याच्याकडून काहीच मिळत नाही. परंतु या हरकतीचे उत्तर त्यांना मतदानातूनच वगळणे हे नव्हे. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांची धोरणे रस्त्यावरच्या माणसालाही लागू होतात. ज्याला कोणत्याच परगण्यात मत नाही, त्याला देशातही मत नाही, अशी अवस्था निर्माण झाली तर ती स्थानिक गाऱ्हाण्याहून कितीतरी मोठी आहे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी, की चाकांवर राहणारे सगळेच सुखवस्तू नाहीत. २००८च्या मंदीत घरे आणि बचत गमावलेल्या वृद्धांची कहाणी जेसिका ब्रूडर या पत्रकार लेखिकेने २०१७ साली 'नोमॅडलँड' या पुस्तकात मांडली. त्यावर निघालेल्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, म्हणून तो विषय जगाला कळला. निवृत्तिवेतन भाड्याला पुरत नाही म्हणून ही माणसे व्हॅनमध्ये राहतात. नाताळाच्या हंगामात ती गोदामांत सामान बांधतात, उन्हाळ्यात सरकारी वनांतील छावण्या सांभाळतात आणि शरदात नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात साखरेच्या बिटाच्या सुगीला जातात. साखरेसाठी बिऱ्हाड पाठीवर घेणाऱ्या माणसाचे हे चित्र मराठवाड्यातील वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही.

या वर्गाला पत्ता ही निवड नसते, ती रोजची टाच असते. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर आलेल्या देशभक्ती कायद्यान्वये बँकांना खातेदाराचा निवासी पत्ता घेणे बंधनकारक झाले. ज्याला असा पत्ता नाही त्याने आप्ताचा किंवा संपर्कव्यक्तीचा पत्ता द्यावा, अशी पळवाट नियमांत ठेवलेली आहे. परंतु काउंटरवरच्या कारकुनाला ती ठाऊक असेल तरच तिचा उपयोग. इकडे वृद्धांचे सामाजिक सुरक्षेचे वेतन कागदी धनादेशाने देणे २०१३ पासून जवळपास बंद झाले आहे. म्हणजे वेतनासाठी खाते हवे, खात्यासाठी पत्ता हवा आणि पत्त्यासाठी भाडे परवडणारे घर हवे. २००५च्या 'रिअल आयडी' कायद्याची अंमलबजावणी विमानतळांवर ७ मे २०२५ पासून सुरू झाली. त्या ओळखपत्रालाही मुख्य निवासस्थानाचे दोन पुरावे लागतात. आरोग्यविम्याचे तसेच. पुष्कळ योजना एकाच राज्यातील डॉक्टरांपुरत्या मर्यादित असतात. तेव्हा कागदावर साउथ डकोटात आणि देहाने ॲरिझोनात असलेल्या रुग्णाने आजारी पडताना राज्याच्या सीमेचा विचार करावा, अशी अपेक्षा असते. गाडी उभी करून रात्र काढणेही निर्वेध नाही. लॉस एंजेलिसमधील गाडीत राहण्यावरील बंदी २०१४ साली अपील न्यायालयाने संदिग्ध म्हणून रद्द केली खरी, पण २०२४ साली ग्रँट्स पास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना दंड करण्याचा नगरपालिकांचा अधिकार मान्य केला. राहण्याला जागा नाही हा गुन्हा नव्हे. परंतु कोठेतरी झोपणे हा गुन्हा होऊ शकतो.

या कोड्यातून मार्ग काढलेले देश आहेत. फ्रान्सचा १९६९चा कायदा फिरस्त्यांच्या बाबतीत कठोर होता. त्यांनी प्रवासाचे पासबुक बाळगायचे, ठरावीक मुदतीने त्यावर पोलिसी शिक्का घ्यायचा आणि एखाद्या गावाशी तीन वर्षे अखंड नोंद राहिली तरच तेथे मत मिळायचे. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी तेथील घटना परिषदेने या व्यवस्थेतील सर्वांत जाचक पासबुक आणि तीन वर्षांची अट, दोन्ही घटनाबाह्य ठरविली. २०१७ साली उरलेली व्यवस्थाही मोडीत निघाली. तेथे २००७ पासून ज्याला स्थिर निवारा नाही अशा माणसाला गावच्या सामाजिक साहाय्य केंद्रातून टपालाचा आणि कायद्याचा पत्ता मागता येतो. त्या गावाशी काही संबंध असेल, तर केंद्राला तो नाकारता येत नाही. वर्षाने नूतनीकरण करायचे. या एका सोयीवर मतदान, बँक, ओळखपत्र, सरकारी साहाय्य सारे चालते. ब्रिटनने २०००च्या कायद्याने 'स्थानिक संबंधाचे निवेदन' मान्य केले. घर नसलेल्या मतदाराने ज्या भागात आपला बराचसा वेळ जातो त्या भागाचे नाव सांगावे आणि तेथे मत द्यावे. दोन्ही उपायांचे मर्म एकच आहे. पत्ता ही मालमत्ता नव्हे. ती एक सार्वजनिक सेवा आहे आणि नागरिक तो विकत घेऊ शकत नसेल, तर ती पुरविणे हे राज्याचे काम आहे.

भारतात हा विचार नवा नाही. भारतीय सैनिक आज सियाचीनमध्ये आणि उद्या पुण्यात असला तरी त्याच्या घरच्या पत्रावर गावाचे नाव लागत नाही. तुकडीचे नाव आणि '५६ ए. पी. ओ.' किंवा '९९ ए. पी. ओ.' एवढे लिहिले की पत्र पोचते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडची पद्धत सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. देशाच्या भूगोलाला आठ अंक वाटून दिल्यावर त्या पद्धतीत नववा अंक सैन्याच्या टपालासाठी राखला गेला, म्हणजे जागेऐवजी फिरत्या माणसालाच आकडा मिळाला. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे विसावे कलमही सैनिकाला त्याच्या मूळ गावचा रहिवासी मानते आणि त्याला टपालाने मत देता येते. २०१६ पासून त्याची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गानेही धाडता येते. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय नागरिकासाठी २०१० साली त्याच कायद्यात नवे कलम घालण्यात आले. न्यू जर्सीत वीस वर्षे राहणाऱ्या, परंतु भारतीय पासपोर्ट न सोडलेल्या पुणेकराचे नाव पासपोर्टावरील पत्त्याच्या मतदारसंघात नोंदले जाऊ शकते. म्हणजे कायद्याला मनात आले की तो माणसाचे घर आणि माणसाचे वास्तव्य अलग करू शकतो. प्रश्न शक्यतेचा नाही. कोणासाठी करायचे, याचा आहे.

ज्यांच्यासाठी ते केले गेले नाही, त्यांची यादी महाराष्ट्रात मोठी आहे. बैलगाडीवर भाता आणि ऐरण घेऊन फिरणारे घिसाडी, वैदू, डोंबारी, नंदीवाले, मसणजोगी, मेंढरांमागे महिनोन्‌महिने चालणारे धनगर, यांच्या पिढ्या गाडीवर किंवा पालात गेल्या. यांतील काही जमातींना इंग्रजांनी १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हजेरी लावल्याशिवाय आणि परवाना घेतल्याशिवाय त्यांना गाव सोडता येत नसे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्यांच्या जगण्याची ओळख पांढरपेशा वाचकाला करून देणाऱ्या, १९८० साली प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचे नावच 'उपरा' आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आज या जमातींच्या मुलाला विमुक्त-भटक्या प्रवर्गाचा जातीचा दाखला हवा असेल, तर आपले पूर्वज २१ नोव्हेंबर १९६१ रोजी महाराष्ट्रात राहत होते असे त्याला दाखवावे लागते. ज्यांचे भटकेपण शासनानेच मान्य केले, त्यांच्याकडे साठ वर्षांपूर्वीच्या मुक्कामाचा कागद मागण्यात येतो. आजा-पणजाचे नाव नसलेला शाळेचा दाखला आणि कोणाच्याही नावावर नसलेली जमीन घेऊन हे तरुण तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवीत असतात.

ऊसतोड मजुरांची स्थिती वरवर पाहता वेगळी दिसते. त्यांना गाव आहे, घर आहे, रेशनकार्ड आहे. परंतु ऑक्टोबर-नोव्हेंबरापासून मार्च-एप्रिलपर्यंत बीड, अहिल्यानगर, जालना भागांतील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोप्यांत राहतात. मुकादमाकडून उचल घेतली की नवराबायको मिळून एक 'कोयता' होतात. कारखान्याच्या दप्तरात मुकादम असतो, गाडी असते, टनेज असते. माणसाचा पत्ता नसतो. या काळात गावी आलेले टपाल बंद दारातून आत सरकविले जाते. त्यात बँकेची नोटीस असते, भूसंपादनाची असते, न्यायालयाची असते. १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्याच्या २७व्या कलमानुसार योग्य पत्त्यावर रजिस्टर टपालाने धाडलेली नोटीस, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, पोचली असे समजले जाते. सहा महिन्यांनी कुलूप उघडणाऱ्या मजुराने ते सिद्ध करायचे आहे. २०२४च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन गळीत हंगामाच्या तोंडावर झाले. मतासाठी परत यायचे तर मजुरी बुडते आणि मुकादमाची उचल अंगावर राहते. त्याच वेळी पंच्याऐंशी वर्षांवरील मतदाराच्या घरी मतपेटी नेण्याची स्तुत्य सोय निवडणूक आयोगाने केलेली आहे. अंतर्गत स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडला होता. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे तो गेला, शंका निघाल्या आणि तो तेथेच राहिला. यंत्राविषयीच्या शंका रास्त असतील. परंतु त्यांच्या आड मूळ प्रश्न झाकून टाकणे रास्त नाही.

विशेष म्हणजे चांगल्या तरतुदी पुस्तकांत नाहीत असे नाही. २०१६च्या आधार कायद्याच्या पाचव्या कलमात भटक्या जमाती आणि कायमचे घर नसलेल्या व्यक्ती यांच्या नोंदणीसाठी खास उपाय करण्याची तरतूद आहे. बेघर मतदाराकडे पत्त्याचा कागद मागू नये, त्याने सांगितलेल्या जागी केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो तेथे झोपतो की नाही हे पाहावे, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. शाळांसाठी स्थलांतरित मुलांना 'शिक्षण हमी कार्ड' देण्याची पद्धत राज्यात आहे आणि ज्या शिक्षकांनी ती मनापासून राबविली, त्यांची मुले हंगामात शाळेबाहेर पडली नाहीत. सर्वांत बोलके उदाहरण रेशनचे आहे. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांची जोडी सर्वांत आधी सामील झालेल्यांपैकी होती. जून २०२२ पर्यंत ती देशभर लागू झाली. धान्याचा हक्क दुकानापासून सोडवून माणसाला जोडला गेला. आकाश कोसळले नाही. जे गव्हाच्या बाबतीत जमले, ते मताच्या आणि टपालाच्या बाबतीत अशक्य आहे, असे म्हणणे पटणारे नाही.

बोगस नोंदणीची भीती अशा वेळी पुढे केली जाते आणि ती अगदीच निराधार नाही. एका खोलीच्या पत्त्यावर डझनावारी मतदार ही तक्रार शहरांत नेहमीची आहे. २०२५ साली बिहारमध्ये मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. त्यांत मृत आणि दुबार नावे होती, तशीच कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले म्हणून नोंदलेल्यांची संख्याही मोठी होती. यादी स्वच्छ असावी याविषयी दुमत नाही. परंतु पोटासाठी बाहेर गेलेला आणि गाव सोडून गेलेला, यांतील भेद बंद दारावर थाप मारून कळत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदाच सांगतो, की तात्पुरत्या गैरहजेरीने माणसाचे सर्वसाधारण रहिवासीपण जात नाही. हा नियम ज्याच्या हाती यादी आहे त्याने पाळला, तर निम्मा प्रश्न सुटेल. उलट नोंद जितकी अधिकृत, तितकी बोगसगिरी कमी. ज्याला सरकारी दप्तरात खरा पत्ता मिळत नाही, तोच कोणाच्या तरी मेहेरबानीने खोटा पत्ता देतो.

यास्तव काही गोष्टी ताबडतोब करता येण्यासारख्या आहेत. प्रत्येक तालुक्याच्या मुख्य टपालकचेरीत किंवा ग्रामपंचायतीत स्थिर घर नसलेल्या नागरिकाला सार्वजनिक पत्ता मिळावा, त्याचे टपाल पंधरा दिवस नव्हे तर संपूर्ण हंगामभर सांभाळले जावे आणि तो पत्ता बँक, आधार, मतदारयादी व न्यायालय यांनी पुराव्यासह मागितल्याशिवाय नाकारू नये. टपालखात्याने मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' ही देशातील चार मीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक तुकड्याला ओळख देणारी पद्धत आणली. जागेला नंबर देण्याचे काम झाले. आता फिरत्या माणसाला तो द्यावा. नोंदणीकृत ऊसतोड मजुरांना सैनिकांप्रमाणे टपाली मतदानाचा हक्क द्यावा. कारखाना आणि हंगाम, दोन्ही ठाऊक असलेल्या मतदारवर्गाला मतपत्रिका पोचविणे सीमेवर पोचविण्याहून कठीण नाही. स्थलांतराच्या हंगामात जाणाऱ्या नोटिसांची प्रत मोबाइलवरही जावी आणि हजर राहण्याच्या मुदती त्या हंगामाचा विचार करून ठरवाव्यात. विमुक्त-भटक्यांच्या दाखल्यासाठी १९६१च्या कागदाऐवजी स्थानिक चौकशी आणि जमातीतील जाणत्यांची साक्ष यांना वजन द्यावे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. चाकांवरच्या घरातून कोकणचे किनारे पाहणाऱ्या पर्यटकाचे स्वागत व्हावे, यात गैर काही नाही. त्याला पाणी, वीज आणि थांबण्याची जागा मिळावी. परंतु त्याच रस्त्याच्या कडेला उसाच्या गाडीखाली झोपलेल्या कुटुंबाचे घरही चाकांवरच आहे. अमेरिकेत निवृत्त जोडप्याला आवडेल तो पत्ता निवडता येतो आणि व्हॅनमधील वृद्ध मजुराला बँकेच्या काउंटरवर उत्तर देता येत नाही, हा भेद तेथील कायद्याने अजून मिटविलेला नाही. तो भेद येथे आधीपासूनच आहे आणि फिरणाऱ्यांची संख्या वाढतच आहे. सैनिकाला आणि परदेशस्थाला जो पत्ता कायद्याने खुशीने दिला, तोच पत्ता घिसाड्याला आणि कोयत्याला देण्यासाठी नव्या तत्त्वज्ञानाची गरज नाही. विधिमंडळाच्या एका अधिवेशनाची आणि तहसील कचेरीतील एका खिडकीची गरज आहे.